उजवी भुवई

आमच्या गल्लीत भुवया करायला पार्लरला कुणी जात नाही. पार्लर आहे नेकनूरला. तिथं जाऊन यायचं म्हणजे अर्धा दिवस मोडतो, आणि सासूला काय कारण सांगायचं हा घोर वेगळाच. म्हणून मी घरीच शिकले. लग्नाआधी आईनं भुवयांना हात लावू दिला नव्हता; कुवार पोरीनं भुवया कोरल्या की आमच्याकडं लोक नावं ठेवतात. लग्न झालं, सासरी आले, आणि मुलगी मुक्ता पोटात असताना रिकामपणी पहिल्यांदा दोऱ्याची रीळ हातात घेतली.

दुसरीच्या भुवया करणं सोपं. दोऱ्याचं एक टोक दातात धरायचं आणि तिला म्हणायचं, कातडी ताणून धर. स्वतःच्या करताना दोन्ही हात दोऱ्यात अडकलेले असतात आणि कातडी ताणायला तिसरा हात लागतो, तो देवानं दिलेला नाही. मग दोऱ्याला गाठ मारून त्याचा फेरा करायचा, मधोमध पीळ द्यायचा, कपाळाला पावडर लावायची, भुवई वर उचलून एक डोळा गच्च मिटायचा आणि दुसऱ्यानं आरशात बघत बोटांची उघडमीट करायची. पहिल्या खेपेला मी अशा काही केल्या की आठवडाभर माझ्या तोंडावर नवल वाटल्याचाच भाव होता. नवरा घरी आला तर विचारतो, "काय झालं गं? कोण मेलं?"

पण हात बसला. नुसता बसला नाही, गाजला. गल्लीतल्या लेकीसुना लग्नसराईत माझ्याकडं यायला लागल्या. सासूबाईंना, विमलबाईंना, हे काही रुचत नव्हतं. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी उसाच्या फडात कोयता चालवलेला. माझ्या कपाळाकडं बघून म्हणायच्या, "भुवया हायत का कोयते? ऊस तोडायला निघालीस व्हय?" मी पण म्हणायची, "आत्याबाई, या इकडं, तुमच्याबी करून देते." त्या सूप उचलून मला मारायचा धाक दाखवायच्या आणि हसायच्या. घरात नवरा अभिमन्यू वर्षातले पाच-सहा महिने नाही. तो साखर कारखान्याला उसाचा ट्रॅक्टर चालवतो, तिकडं खाली ऊसपट्ट्यात. घरात आम्ही दोघी आणि मुक्ता. बरं चाललं होतं आमचं.

मागच्या पाऊसकाळात चुलत नणंदेची हळद होती. सकाळपासून माझ्यापुढं बायकांची रांग. माझी चुलत जाऊ सुनिता सरकारी दवाखान्याची आशा कार्यकर्ती आहे, ती तर दोरा लागायच्या आधीच ओरडायची. दुसऱ्यांच्या लेकरांना दंडात सुई टोचताना उभी राहते, पण भुवईचा एक केस निघाला की हिच्या डोळ्यांतून धारा. मला चेव आला. म्हटलं, "रडायला काय झालं? हे बघा." आणि आरसा गुडघ्यात धरून सगळ्यांसमोर माझ्या उजव्या भुवईवर सरसर दोरा फिरवला. डोळा उघडा ठेवून. पाण्याचा टिपूस नाही, की शिंक नाही.

"दगडाची हाय बाई ही," सुनिता म्हणाली.

"सवय लागते," मी म्हटलं, आणि फुगून बसले. मग डावी केली तर डोळ्यात पाणी आलं, दोन शिंका आल्या. कुणाचं लक्ष नव्हतं. माझंही नव्हतं. उलट त्याआधीपासून कितीतरी दिवस मी मनात खूशच होते, की उजवी भुवई आता लवकर वाढत नाही. डावीला पंधरवड्यात हात लावावा लागायचा, उजवी मात्र शेपटाकडं कोरली तशीच राहायची. म्हटलं, चला, निम्मं काम वाचलं.

माणसानं किती मूर्ख असावं!

हळदीनंतर थोड्याच दिवसांनी वरणाला फोडणी देताना तेल उडालं. मी तोंड मागं घेतलं, पदरानं पुसलं, झालं. जेवायला बसलो तेव्हा सासूबाई माझ्याकडं बघत राहिल्या.

"भुवईवर फोड आलाय की गं तुज्या. केवढा टरारलाय. तेल लाव न्हाईतर शाई लाव कायतरी."

"कुठं?"

"कुठं म्हंजी? उजव्या भुवईवर. तुला कळंना व्हय?"

मी हात लावला. बोटाला फोड लागत होता. भुवईला बोट लागत नव्हतं.

"कळतंय की," मी म्हटलं. "आग होतीय जरा." असं खोटं मी का बोलले ते मला त्या वेळी सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई शेळी घेऊन गेल्यावर मी दार लोटलं आणि आरशासमोर बसले. साडीची पिन घेतली. आधी डावीकडं टोचली, चटकन झोंबलं. मग उजवीकडं, नाकाजवळच्या टोकाला. दुखलं. थोडी पुढं सरकले. शेपटाकडं पिन टेकवली आणि काही वाटलं नाही. दाबली. काही नाही. आणखी दाबली, रक्ताचा थेंब वर आला, आणि मी तो आरशात बघत होते, जणू दुसऱ्याच कुणाचं कपाळ. मग उजेडाला तोंड करून नीट पाहिलं. भुवईच्या शेपटापासून कानशिलाकडं कातडीचा रंग जरा फिका, तांबूस होता. रुपयाएवढा.

मला कुणी सांगायची गरज पडली नाही. रुक्मिणीबाई मी पाहिलेली होती.

रुक्मिणीबाई आमच्याच भावकीतली. मी नवीन सून म्हणून आले तेव्हा ती विहिरीच्या पलीकडं, कापसाच्या रानाच्या कडेला पत्र्याच्या खोपीत राहायची. तिच्या तोंडावर भुवया नव्हत्या, एक केससुद्धा नाही. भाकरी नेऊन द्यायचं काम नव्या सुनेकडं आलं. सासूबाईंनी मला बजावलं होतं, "भाकर दगडावर ठिवायची आन् मागं न बगता यायचं. लई बोलायचं न्हाई." मी विचारलं होतं, तिला पोरबाळ नाही का? तर म्हणाल्या, "हाय की. लेक हाय. महारोग निगाल्यावर लोकांनी पोरगं तिच्यापासून तोडलं. शाळेत जायच्या वयाचं होतं. लई बोंबललं दोघंबी." आणि मग त्या पीठ मळायला लागल्या. तो लेक, मोहनराव, मोठा होऊन गावातच राहत होता. आईच्या खोपीकडं तोंडसुद्धा करायचा नाही. ती मेली तेव्हा खोपीसकट सगळं जाळून टाकलं.

मुक्ता दुसरीत आहे. म्हणजे तेवढीच.

मला मरणाची भीती वाटली नाही, खरं सांगते. हातपाय झडतील याचीही पहिल्यांदा वाटली नाही. भीती वाटली ती एकाच गोष्टीची, की हे लोकांना कळलं तर मुक्ताला माझ्यापासून ओढून नेतील आणि मी पत्र्याच्या खोपीतून तिची शाळा सुटलेली ऐकत बसेन. ती भीती पोटात घर करून बसली ती गेलीच नाही. भाकरी थापताना होती, धुणं धुताना होती. अभिमन्यूचा फोन आला की मी घाईघाईनं बोलून ठेवून द्यायची. आवाज कापला असता तर त्यानं विचारलं असतं.

मग मी लपवायला लागले. आणि लपवायला माझ्याजवळ दुसरं काय होतं? हीच विद्या. उजव्या भुवईचं शेपूट विरळ होत चाललं, तर मी डावी तेवढीच बारीक करायला घेतली, दोन्ही सारख्या दिसाव्यात म्हणून. दोऱ्याची मला भीती बसली. वाटायचं, दोऱ्यासोबत कातडीच निघून येईल आणि मला कळणार नाही. म्हणून नेकनूरच्या बाजारातून भुवयांचं गुलाबी रेझर आणलं, दांडीचं, बोटाएवढं. काळी पेन्सिल आणली. रोज सकाळी दाराआड बसून डावी उतरवायची आणि उजवी काढायची. पूर्वी नटायला आरशापुढं बसायची, आता लपायला बसायला लागले. गल्लीतल्या बायका आल्या की म्हणायची, डोळे दुखतात, हात कापतात. कुणाच्या कपाळाला हात लावायची हिंमत नव्हती. त्या बाहेर जाऊन म्हणायच्या, शेफारली.

थंडी पडायच्या सुमाराला सुनिता घरोघर तपासणीला आली. गळ्यात ओळखपत्र, खांद्याला पिशवी.

"कुष्ठरोगाची हाय औंदा बी. अंगावर कुटं फिकट चट्टा, बधिर जागा, कायबी आसंल तर दावायचं," ती म्हणाली. सासूबाईंची पाठ बघितली, हात बघितले. मग माझ्याकडं वळली. मी उजेडाकडं पाठ करून बसले.

"तुला हाय का गं काय?"

"मला काय होतंय?"

"पाठ दाव."

पाठ दाखवली. पाठीवर काही नव्हतंच. मग तिनं माझी हनुवटी धरून तोंड वर केलं. तिचा अंगठा माझ्या गालावर होता. ती माझ्या भुवयांकडंच बघत होती.

"काय कोरल्यात गं!" ती म्हणाली. "आन् आमाला म्हणती डोळे दुकत्यात. सोताच्या करताना न्हाई दुकत व्हय?"

सासूबाईंनी विचारलं, "आन् निगाला एकांद्याला तर काय करतेत गं?"

"गोळ्या देतेत काकी. फुकट. सहा म्हयने, कुणाला वरीसभर. गोळ्या चालू झाल्या की दुसऱ्याला लागत बी न्हाई. पार बरं होतंय. आता पयल्यासारकं न्हाई ऱ्हायलं."

तेव्हाच बोलायचं होतं. तोंडापर्यंत शब्द आला होता. पण दारात शेजारच्या कौशल्याबाई येऊन उभ्या होत्या, आणि त्यांच्या कानावर गेलेली गोष्ट चहा उकळायच्या आत शेजारच्या लिंबागणेश गावाला पोचते. गोळ्यांनी रोग बरा होत असेल, गल्लीचं काय? सुनितानं आमच्या भिंतीवर खडूनं खूण केली, म्हणजे या घरात तपासून झालं, आणि पुढच्या घरी गेली. त्या खुणेकडं बघवेना मला. मी ती ओल्या फडक्यानं पुसली, मग घाबरले की पुसलेली दिसेल, म्हणून कोळशानं तिथं मुक्ताच्या नावाचं अक्षर काढून ठेवलं.

मुक्ताला मी लांब करायला लागले. रात्री ती माझ्या गळ्यात हात टाकून, गालाला गाल लावून झोपणारी पोर. तिला म्हटलं, "आता मोठी झालीस, आजीजवळ झोप." माझा पेला वेगळा केला आणि तिनं त्याला हात लावला म्हणून ओरडले. ती अंगाशी आली की म्हणायची, सर तिकडं, उकडतंय. डिसेंबरात उकडतंय! तिनं एकदा विचारलं, "आई, तू माज्यावर रागवलीस?" मी म्हटलं, "न्हाई गं, काम हाय." ती तशीच उभी राहिली आणि मी आत जाऊन तोंडात पदराचा बोळा धरून रडले. मनात एकच हिशेब, आज नाही लागला तिला, आजचा दिवस गेला.

अशा चालीनं चाललं असताना एका शनिवारी मी कापूस वेचून दुपारकडं घरी आले. सासूबाई ओट्यावर तूर पाखडत होत्या. मुक्ताची सकाळची शाळा. ती घरात कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसलेली, डोक्याला माझा स्कार्फ बांधलेला, पार डोळ्यांपर्यंत.

"काय झालं गं?"

"डोकं दुकतंय."

ताप आहे का बघायला मी स्कार्फ वर सरकवला. तिची उजवी भुवई नव्हती.

डावी होती तशीच होती, दाट, बापासारखी. उजवीच्या जागी नुसती कातडी, गुळगुळीत आणि फिकी.

"मुक्ते, इथले केस कुठं गेले?"

मी तिचे दंड धरून तिला हलवलं. "केस कुठं गेले? काय केलंस तू?"

"काईच न्हाई केलं. आपोआप गेले."

मी किंचाळले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. कपाळ बडवून घेतलं आणि जे तोंडात येईल ते बोलत सुटले. "लागला गं! माझा रोग लागला लेकराला! देवा, हिला कशापायी? मला काय करायचं ते कर, हिला कशापायी?" सूप खाली पडल्याचा आवाज झाला. सासूबाई दारात आल्या. "आत्याबाई, माझी भुवई मेलीय हो. पिन टोचली तरी कळत न्हाई. रुक्मिणीबाईचा रोग हाय मला. लई दिवस झाले, मी लपवलं. आता हिला लागला, बघा, हिची बी गेली!"

बोलता बोलताच मला सुचलं. पोरीचं डोकं मी काखेत दाबलं आणि त्या उघड्या जागेवर नखांनी चिमटा घेतला. जोरात.

"आई गं! मेले! सोड!"

माझा विश्वास बसेना. मी पुन्हा घेतला, जरा शेपटाकडं. ती माझ्या मनगटाला कडकडून चावली.

"दुखतंय? खरं सांग, दुखतंय का? इथं? आन् इथं?"

"लई दुकतंय! तुजं गुलाबी मशीन घेतलतं मी! आता न्हाई घेणार, मारू नको मला!"

दारामागच्या फळीवर, ताटांच्या आड, मी दडवलेलं रेझर उघडं पडलेलं होतं. त्याला काळे केस चिकटलेले. मला हसू आलं आणि त्याच वेळी रडू कोसळलं. "रड," मी तिला म्हणत होते, "रड माझी बाई, अजून रड." पोरीच्या ओरडण्याइतकं गोड मी जन्मात काही ऐकलेलं नव्हतं. तिला पोटाशी घ्यायला दोन्ही हात पसरले.

ती मागं सरकली. माझ्या हाताखालून वाकून पळाली ती सरळ सासूबाईंच्या लुगड्यात तोंड खुपसून उभी राहिली. "आईनं मुद्दाम चिमटं घेतलं," ती हुंदके देत सांगत होती. "रोज आरशापाशी बसती. माज्यापाशी न्हाई बसत. तिच्यावानी भुवई केली तरी मारती."

तेव्हा कुठं मी भानावर आले. मी सगळं बोलून बसले होते. मी घरात, त्या दोघी उंबऱ्याबाहेर, आणि ओट्यावर तूर सांडलेली. घामानं आणि रडण्यानं माझी पेन्सिल पुसली गेली असणार, कारण सासूबाई माझ्या कपाळाकडं टक लावून बघत होत्या.

"कवापासून?"

"पाऊसकाळापासून."

त्यांचा एक हात मुक्ताच्या पाठीवर होता, बोटं पसरलेली. मी तोंडाकडं बघायचं धाडस केलं नाही, त्या हाताकडंच बघत राहिले. त्या हातानं पोर जवळ ओढली असती आणि त्या तिला घेऊन चालत्या झाल्या असत्या तर मी अडवलं नसतं. अडवायला उठलेच नसते, हे मला त्या क्षणी कळलं, आणि त्याचंच जास्त भय वाटलं.

"सुनिता घरी आसंल आत्ता?" त्यांनी विचारलं.

"असंल."

"तिला घिऊन येते. आज गोळ्या मिळत्यात का, का नेकनूरला जावं लागतंय, समदं इचारते. तू कुटं हलू नको."

मला विचारायचं होतं, मुक्ताला घेऊन जाता का? मी नुसतं तिच्याकडं बोट केलं.

सासूबाईंनी खाली बघितलं. मग लुगड्याला घट्ट धरलेली पोरीची मूठ उलगडायला घेतली. एक सोडवली की ती दुसरीनं धरायची.

"जा आईकडं."

"न्हाई."

"जा म्हणते ना. आई भ्यालीय तुजी."

आणि त्यांनी तिला दोन्ही हातांनी धरून उंबऱ्याच्या आत, माझ्याकडं ढकललं. मग पदर डोक्यावर घेतला आणि तूर तशीच तुडवत, चप्पल न घालता गल्लीत उतरल्या.

मुक्ता माझ्यापुढं उभी राहिली. माझ्याकडं बघत नव्हती. मी हात पुढं केला नाही, मला धीर होईना. तिनं बाहीनं नाक पुसलं. मग मी पुन्हा चिमटा घेऊ नये म्हणून तिनं एक तळवा आपल्या उघड्या भुवईवर गच्च दाबून धरला, आणि तसाच धरून माझ्या मांडीवर येऊन बसली.